दिवसा राम, रात्री कृष्ण

सुट्टीला निघायचं म्हटलं की आमच्या घरात पहिलं भांडण होतं ते तारखेवरून. याला कारण दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्स्प्रेस. ही गाडी सुटते मध्यरात्रीचे बारा वाजून गेल्यावर लगेच. म्हणजे शुक्रवारी रात्री जेवायचं, गॅस बंद केला ना हे तीनदा बघायचं, बॅगा उचलून निघायचं. पण तिकीट काढायचं ते शनिवारचं. एका वर्षी आम्ही शुक्रवारचं काढलं. शुक्रवारी रात्री सव्वाअकरा वाजता ऐटीत फलाटावर जाऊन उभे राहिलो, आणि मग लक्षात आलं की आपली गाडी काल रात्रीच गेली. नुसती गेली नव्हती, तर सावंतवाडीला पोचून, उतारू उतरवून, एव्हाना परतीच्या वाटेला लागलेली होती. आम्ही निमूटपणे टॅक्सी करून घरी आलो आणि उरलेला वरणभात गरम करून खाल्ला.

तर यंदा तारीख नीट बघून, दोघांनी दोनदा वाचून तिकीट काढलं. मुक्काम एका रात्रीचा. शनिवारी दुपारी पोचायचं आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीने निघायचं. एवढ्याशा वेळात काय काय बघणार, असं शेजारणीने विचारलं. मी म्हटलं, तळं बघणार. ती म्हणाली, आणि? त्या 'आणि'चं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आज तेच सांगायला बसले आहे.

सावंतवाडीचं स्टेशन गावात नाही, ते मळगावात. तिथून रिक्षा करायची. रस्ता वळणं घेत घेत झाडीतून गावात शिरतो आणि मग एकाएकी घरं, दुकानं मागे सरतात आणि समोर पाणी येतं. हा मोती तलाव. १८७४ साली बांधलेला. एका बाजूला भोंसल्यांचा तांबड्या जांभ्या दगडातला राजवाडा, मागे नरेंद्र डोंगराची हिरवी पाठ, आणि तलावाच्या भोवतीनं रस्ता. गावाचं जुनं नाव सुंदरवाडी. सावंत-भोंसल्यांचं संस्थान १९४८मध्ये विलीन झालं, पण राजधानीचं गाव असल्याची एक सवय अजून इथे शिल्लक आहे. कुणी धावत नाही.

आम्ही उतरलो होतो एका काकींकडे. माडीवरच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. गॅलरीतून तळं दिसतं. पोचलो तेव्हा पानं वाढलेलीच होती. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, उकड्या तांदळाचा भात, आणि वाटीत गुलाबी सोलकढी. नवऱ्याने हात धुता धुता विचारलं, "जेवण झाल्यावर आधी कुठे जायचं?" काकी म्हणाल्या, "आदी वायच पडा." वायच म्हणजे थोडंसं. मालवणी मुलखात या शब्दाला फार मोठा मान आहे. वायच बसा, वायच खावा, वायच थांबा. आणि प्रत्येक वायच निदान तासाभराचं असतं.

तर आम्ही वायच पडलो. उठलो तेव्हा चार वाजून गेले होते.

श्रोतेहो, मी समुद्रकाठी पुष्कळदा गेले आहे. वेंगुर्ल्याचा समुद्र इथून पंचवीसेक किलोमीटरवर आहे, आणि कोकणात येऊन तळ्याकाठी राहतात का, असं आम्हाला अनेकांनी विचारलंही. पण समुद्राचा एक ताण असतो. त्याच्याकडे बघताना आपण लांब बघतो आणि मग लांबचेच विचार करतो. मुलांचं कसं होईल, आपलं म्हातारपण कसं जाईल. तळ्याला पलीकडचा काठ असतो. त्या काठावर एक बाई भाजीची पिशवी घेऊन चाललेली असते, दोन पोरं सायकल शिकत असतात. आपण त्यांच्याकडे बघतो, तीही आपल्याकडे बघतात. अर्ध्या तासाने फेरी मारत आपण तिथे पोचतो तेव्हा ती आपल्या जागेवर आलेली असतात. ठाणेकरांना तलावपाळी आणि कोल्हापूरकरांना रंकाळा का लागतो, हे मला इथे कळलं. तळ्याभोवतीची वाट कुठेही जात नाही. निघालो तिथेच आणून सोडते.

नवऱ्याच्या फोनात पावलं मोजायची सोय आहे. दुसऱ्या फेरीला त्याने जाहीर केलं, "साडेपाच हजार." काठावर केशवसुतांच्या नावाचा कट्टा आहे. ज्या गाडीने आम्ही आलो, तिचं 'तुतारी' हे नावही केशवसुतांच्या कवितेवरूनच २०१७ साली ठेवलेलं. कट्ट्यावर एक आजोबा बसले होते. पांढरं धोतर, हातात काठी. त्यांनी हा आकडा ऐकला असावा.

"तुमी खंयसून इलास?"

"मुंबईहून."

"ता दिसताच," आजोबा म्हणाले. ते दिसतंच आहे!

नवऱ्याने नम्रपणे विचारलं, "तुम्ही रोज किती फेऱ्या मारता, आजोबा?"

"मोजूक कित्याक व्हये? तळा खंय पळान जाता?"

मोजायचं कशाला? तळं काय पळून जातंय? आम्ही त्यांच्याशेजारी बसलो. वायच. नवऱ्याने फोन खिशात घातला. अर्थात खिशातही तो मोजत होताच, पण निदान मोठ्याने सांगत तरी नव्हता.

राजवाडा आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला, पण त्याची गोष्ट आधी सांगते. कारण त्या संध्याकाळी जे झालं ते त्याशिवाय कळायचं नाही. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारागीर बसून गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे पत्ते, पण आपल्या ओळखीचे चौकोनी नव्हेत. हे गोल, तळहातावर मावणारे. खेळ इराणकडून आला. बाबराने आपल्या आठवणींत १५२७ साली गंजिफा भेट म्हणून पाठवल्याचं लिहून ठेवलं आहे. मोगली गंजिफांचे ९६ पत्ते. आपल्याकडे आल्यावर आपण त्यांना देवाला लावलं, आणि झाली दशावतारी गंजिफा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाचे बारा पत्ते, एकूण १२०. प्रत्येक रंगाचा एक राजा, एक प्रधान, आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. मत्स्याच्या दश्शीवर दहा चिमुकले मासे असतात, आणि दहाही एकाच कारागिराने एका बारीक कुंचल्याने काढलेले. जुन्या रीतीत कागदाला चिंचोक्याची खळ लावून तो ताठ करायचा, वर रंग, त्यावर लाखेचा हात.

छापील पत्ते स्वस्त झाल्यावर ही कला जवळजवळ संपली होती. हात चालणारे म्हातारे चितारी अगदी मोजके उरले होते. इथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोंसले आणि त्यांच्या पत्नी सत्वशीलादेवी यांनी ती त्यांच्याकडून शिकून घेतली, आणि १९७१मध्ये 'सावंतवाडी लॅकर वेअर्स' सुरू करून राजवाड्यातच कारागिरांना बसवलं. आज आपण जी पानं बघतो ती त्यामुळे.

आता शनिवारची संध्याकाळ. आम्ही फिरून आलो तर काकी गॅलरीत दिव्याच्या वाती वळत बसल्या होत्या. बोलता बोलता गंजिफांचा विषय निघाला. काकी आत गेल्या आणि लाकडाची एक रंगीत पेटी घेऊन आल्या. "माजो घो खेळायचो," त्या म्हणाल्या. यजमान आता नाहीत. खेळायला तिघं लागतात, आणि घरात त्या एकट्या. पेटी बरेच दिवस उघडलीच नव्हती. आम्ही दोघं आणि त्या, तिघं झालो. चटईवर डाव मांडला. प्रत्येकाला चाळीस पानं! गोल पानं हातात धरायची कशी, इथपासून आमची शिकवणी सुरू झाली. त्यातून आणखी एक गंमत. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि अर्ध्या रंगांत एक्का मोठा. नवरा हिशेबाचा माणूस, पण त्याचाही गोंधळ उडाला.

"हुकूम कुठला?" त्याने विचारलं.

"हुकूम नाय," काकी म्हणाल्या.

या खेळात खरंच हुकूम नसतो. कुठलंही चिमुरडं पान वरून येऊन दुसऱ्याच्या राजाला मारू शकत नाही. ज्या रंगाची उतारी, त्या रंगातच लढायचं. मग करायचं काय? तर कुठली पानं पडून गेली ते लक्षात ठेवायचं. घाई करून काही साधत नाही. महिनाभर वरून येणारे हुकूम झेलणाऱ्या माणसाला सुट्टीत खेळायला याहून चांगला खेळ मिळायचा नाही.

पण डाव सुरू होईना. कारण पहिली उतारी कुणाची, याचा नियम असा, की दिवस असेल तर ज्याच्या हातात रामाचा राजा तो खेळणार, आणि रात्र असेल तर ज्याच्या हातात कृष्णाचा. राम माझ्याकडे होता. कृष्ण नवऱ्याकडे. आणि वेळ होती नेमकी ती, तिन्हीसांजेची.

मी म्हटलं, अजून उजेड आहे. तो म्हणाला, दिवे लागले. मी म्हटलं, दिवे कधीही लागतात. त्याने फोन काढला आणि सूर्यास्ताची वेळ शोधायला लागला. "सहा वाजून..." त्याने सुरुवात केली. काकींनी त्याच्या फोनकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "तळ्याक इचारा."

आम्ही तिघंही गॅलरीच्या कठड्याशी जाऊन उभे राहिलो. राजवाड्याकडचे दिवे लागलेले होते, पण पाण्यात अजून डोंगरच दिसत होता, काळपट हिरवा. आकाश पाण्यात होतं. मागे कुठल्याशा देवळात घंटा झाली. एक बगळा तळं ओलांडून गेला. कुणीच काही बोललं नाही. किती वेळ उभे होतो सांगता येणार नाही. तो मोजण्याचं यंत्र चटईवर पडलं होतं. हळूहळू डोंगर पाण्यातून निघून गेला. त्याच्या जागी आधी एक दिवा दिसला, लांब, थरथरता. मग दुसरा. मग काठावरची सगळी ओळच पाण्यात उतरली.

"झाली रात," काकी म्हणाल्या. "किस्नाची उतारी."

आणि मी निमूटपणे जाऊन बसले. तो डाव मी हरले. जिंकल्या अर्थात काकी. आमच्या हातात राजे होते, पण त्यांना गेलेली पानं पाठ होती.

रविवारी सकाळी घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं खाल्लं, राजवाडा पाहिला, आणि मग चितार आळीत गेलो. सावंतवाडीची लाकडी खेळणी तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी हाताळली असतील. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, त्याची वांगी, केळी, सीताफळं, भातुकली, भोवरे. जुनी रीत अशी की लाकूड चरकावर फिरत असताना त्याला रंगीत लाखेची कांडी टेकवायची. घासून ऊब येते, लाख वितळते आणि लाकडाला बसते. फळांना मात्र हाताने रंग द्यायचा. मी एक भोवरा आणि चार हिरव्या मिरच्या घेतल्या. मिरच्या इतक्या खऱ्या निघाल्या, की घरी आल्यावर सासूबाईंनी एक पोह्यांसाठी चिरायला घेतली.

दुपारी आणखी एक डाव झाला. लख्ख ऊन होतं, त्यामुळे वाद नव्हता. राम काकींकडे गेला होता. संध्याकाळी निघताना मी काकींना वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "परत येवा. माका खेळूक माणसा व्हयी." कट्ट्यावरून रिक्षा गेली तेव्हा आजोबा आपल्या जागेवर होते. आम्ही हात केला. त्यांनी काठी उचलली.

तर शेजारणीच्या 'आणि'चं उत्तर असं आहे, श्रोतेहो. दोन दिवसांत आम्ही एक तळं पाहिलं, एकदा दिवस मावळताना पाहिला, आणि तो मावळला की नाही यावरून भांडलो. मुंबईत आमच्या घरावरून रोजच दिवस मावळतो. पण तो कधी मावळला यावर माझं काही अडून आहे, असं त्याआधी मला कधी वाटलं नव्हतं.

सोमवारी पहाटे दादरला उतरले आणि तशीच कचेरीत गेले. आमच्या कचेरीच्या काचा काळ्या आहेत. आत दिवे दिवसभर जळतात. तिथे बसून बाहेर ऊन आहे की अंधार, हे कुणाला सांगता येणार नाही. संध्याकाळच्या सुमाराला पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "किती वाजले ग?" सगळ्यांनी आपापल्या फोनकडे पाहिलं. मी उठले, खिडकीपाशी गेले आणि पडदा वर केला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या वर, ऊन अजून चार बोटं शिल्लक होतं.

"रामाची उतारी," मी म्हटलं.

कुणाला काही कळलं नाही. मी पडदा तसाच वर ठेवून जागेवर येऊन बसले.