दोन मिनिटांचे अंतर

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणगौरवाचा समारंभ आटोपला की एखाद्या निवृत्त शिक्षकाने उभे राहून विद्यार्थ्यांना परिश्रमाचे महत्त्व सांगावयाचे, ही आपल्या मंडळाची जुनी वहिवाट आहे. मी स्वतः ती तीन वेळा पाळली आहे. आज मात्र आपल्या अनुज्ञेने मी एका सायकलच्या शर्यतीविषयी बोलणार आहे. शर्यत दक्षिण आफ्रिकेतील असून तिचे नाव 'केप एपिक'. ती मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. परंतु माझा पुतण्या २०२४ च्या मार्च महिन्यात तीत उतरला होता आणि परतल्यावर त्याने जे सांगितले, ते अजून माझ्या मनातून गेलेले नाही.

प्रथम त्या सायकलीविषयी थोडेसे. आपण शाळेत जावयास वापरीत होतो ती ही सायकल नव्हे. हिचे टायर रुंद व दातेरी. धक्के सोसण्याची योजना पुढे असते, पुष्कळदा मागेही असते. टायरात ट्यूब नसते. तिच्याऐवजी एक चिकट द्राव घातलेला असतो. काटा रुतला की तो द्राव भोकाशी येऊन थिजतो आणि हवा कोंडून धरतो. बाभळीच्या रानातून शाळेत गेलेल्या आम्हां माणसांना ही युक्ती साठ वर्षे आधी कोणी सांगितली असती तर किती बरे झाले असते! कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात १९७० नंतरच्या दशकात काही तरुणांनी जुन्या, अवजड सायकली डोंगरउतारावरून पिटाळण्याचा नाद लावून घेतला. त्यातून हा खेळ वाढला आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये त्याला मानाचे स्थान मिळाले.

केप एपिक शर्यत केव्हिन व्हर्माक या गृहस्थांनी २००४ साली सुरू केली. आता तिचा मार्ग दरवर्षी बदलतो, तथापि स्वरूप तेच राहते. आठ दिवस, एक नांदीची छोटी दौड आणि पुढे सात मोठे टप्पे. एकंदर अंतर बहुधा सहाशे ते सातशे किलोमीटरांच्या दरम्यान आणि चढाई सुमारे पंधरा हजार मीटर. आपल्या कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. म्हणजे समुद्राच्या पातळीपासून निघून ते शिखर नऊ वेळा चढल्यासारखे झाले. रस्ता म्हणावा तर तो दगडगोटे, वाळू आणि द्राक्षमळ्यांच्या कडेच्या पायवाटा यांचाच. रात्री तंबूत निजावयाचे, पहाटे अंधारात उठावयाचे, आणि प्रत्येक टप्पा ठरलेल्या मुदतीत पुरा करावयाचा. वाटेतील पाण्याच्या ठाण्यांवर मीठ लावलेले उकडलेले बटाटे मिळतात. त्या बटाट्यांची चव पंगतीतल्या कोणत्याही पक्वान्नाला आली नाही, असे पुतण्या सांगतो. त्याच्या आईला ते विधान रुचले नाही.

परंतु या शर्यतीचा खरा प्राण तिच्या एका नियमात आहे. येथे एकट्याने उतरता येत नाही. दोघांची जोडी लागते. वाटेत त्या दोघांत दोन मिनिटांहून अधिक अंतर पडता कामा नये. पडल्यास दंडाचा वेळ माथी बसतो. जोडीचा वेळ धरतात तोही मागाहून येणाऱ्याचा. पुढचा कितीही वेगाने धावला तरी त्याचा उपयोग नाही. एकाने शर्यत सोडली तर दुसऱ्यास पुढे जाता येते, पण क्रमवारीत त्या जोडीचे नाव राहत नाही.

स्वित्झर्लंडचा ख्रिस्तोफ साउझर हा या शर्यतीतील एक थोर खेळाडू. त्याने ती पाच वेळा जिंकली. त्यांपैकी २०११ व २०१२ साली त्याचा जोडीदार होता दक्षिण आफ्रिकेचा बरी स्टँडर. २०१३ च्या जानेवारीत सरावाच्या वेळी एका टॅक्सीशी टक्कर होऊन स्टँडरचा अंत झाला. त्या वेळी तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. अडीच महिन्यांनी साउझर पुन्हा त्याच शर्यतीत उतरला आणि यारोस्लाव्ह कुल्हावी या चेक खेळाडूसह जिंकला. त्या आठ दिवसांत त्याच्या मनात काय चालले असेल याची मला कल्पना करवत नाही.

आता पुतण्याकडे वळतो. त्याचा जोडीदार पुण्यातील त्याचा कार्यालयीन मित्र. (तो आपल्या ज्ञातीतील नाही, हे कोणी विचारण्यापूर्वीच सांगून टाकतो.) दीड वर्ष दोघे सिंहगडाचा घाट आणि ताम्हिणीचा रस्ता तुडवीत होते. प्रवेशशुल्क, विमानभाडे आणि सायकलीची पेटी यांचा आकडा ऐकून माझ्या बंधूंनी आठवडाभर अबोला धरला होता, इतके सांगितले तरी पुरे. पुतण्या अंगाने काटक, मित्र त्यापेक्षा थोडा कमी. चौथ्या दिवशी मित्राचे पोट बिघडले. एका लांब चढावर पुतण्या पुढे निघून गेला आणि माथ्यावर वाट पाहत उभा राहिला. खाली मित्र सायकल हातात धरून पायी चढत होता. पुतण्याचे शब्द मी जसेच्या तसे सांगतो : "काका, मी आधी घड्याळाकडे पाहिलं, त्याच्याकडे नंतर."

मग तो खाली उतरला. सपाटी लागल्यावर मित्राच्या पाठीवर हात ठेवून त्याला ढकलीत नेले. मुदत संपावयास अकरा मिनिटे उरली असता दोघे पोहोचले. त्या रात्री तंबूबाहेर दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. मित्र म्हणाला, "तू ढकलत होतास, पण एक शब्द बोलला नाहीस." शुक्रवारी सकाळी वैद्यांनी मित्रास सायकलीवर बसण्याची मनाई केली. पुतण्याने उरलेले तीन दिवस एकट्याने पुरे केले. क्रमवारीत त्यांचे नाव नाही.

हे ऐकताना मला माझा सातवीचा वर्ग आठवला. गणिताच्या तासाला पहिल्या दोन बाकांवरचे हात वर झाले की मी फळा पुसत असे. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा एकदा म्हणाला, "गुरुजी, थोडं थांबा." मी त्याला उद्धट ठरवून वर्गाबाहेर उभे केले. पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. त्याच्या घरी मी चौकशीला गेलो नाही. त्याच वर्षी माझ्या वर्गाचा निकाल केंद्रात पहिला आला आणि मला शाल मिळाली. ती अजून घरी आहे.

मंडळाने गुणवंतांची बक्षिसे बंद करावीत, असे मी सुचवीत नाही. त्यांतील दोन मीच ठेवविली आहेत. परंतु मघाशी या व्यासपीठावरून नावे पुकारली जात असताना मी नेहमीप्रमाणे पुढे पाहिले नाही. मागच्या रांगांतील मुले पाहत होतो.

पुतण्यास मी विचारले, "पुन्हा गेलास तर जोडीदार दुसरा पाहशील?" तो सायकलीची साखळी पुसत होता. उत्तर दिले नाही. परवा बंधूंकडून कळले की पुढील खेपेचा अर्ज त्याच दोन नावांनी गेला आहे, आणि बंधूंनी पुन्हा अबोला धरला आहे.