लोकसभेतील प्राध्यापक : मधु दंडवते

(मनीषनगर, नागपूर येथील व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



मनीषनगरच्या कडेने जाणाऱ्या लोहमार्गावरून मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस धावते. २६ डिसेंबर १९७७ रोजी ही गाडी सुरू झाली, तेव्हा तिचे सर्व डबे दुसऱ्या वर्गाचे होते. लांब पल्ल्याची वर्गविरहित गाडी सुरू करणारे तेव्हाचे रेल्वेमंत्री प्रा. मधु दंडवते हे मूळचे पदार्थविज्ञानाचे शिक्षक. ‘राजकारण हे सज्जनांचे काम नव्हे’ असे सुशिक्षित घरांतून सहज बोलले जाते. त्या समजुतीला दंडवते यांचे जीवन हे चोख उत्तर आहे.

२१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर येथे त्यांचा जन्म झाला. बेचाळीसच्या आंदोलनाने ते सार्वजनिक कार्याकडे ओढले गेले. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी उभारलेल्या मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. अध्यापन चालू असतानाच १९५५ च्या गोवा मुक्तिसत्याग्रहात ते एका तुकडीचे नेतृत्व करीत गेले व पोर्तुगीज पोलिसांचा मार त्यांनी सोसला. जनसंघाचे जगन्नाथराव जोशी यांनीही त्याच वर्षी गोव्यात सत्याग्रह केला होता.

जानेवारी १९७१ मध्ये बॅ. नाथ पै यांचे अकाली निधन झाले. राजापूर मतदारसंघाची त्यांची परंपरा पुढे नेण्याचे दायित्व दंडवते यांच्यावर आले. त्या वर्षापासून कोकणच्या मतदारांनी त्यांना सलग पाच वेळा लोकसभेत पाठविले. वर्गात जाणारा शिक्षक जशी तयारी करतो, तशी तयारी करून ते सभागृहात उभे राहत. आकडे आणि नियम मुखोद्गत, भाषेत नर्मविनोद, आणि प्रतिपक्षाविषयी आदर; त्यामुळे विरोधकही त्यांचे भाषण लक्षपूर्वक ऐकत.

२६ जून १९७५ रोजी आणीबाणीत त्यांना बंगळूर येथे अटक झाली. अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी व श्यामनंदन मिश्र हेही तेथेच पकडले गेले. पक्षांतरबंदी विधेयकावरील संसदीय समितीच्या कामासाठी ही मंडळी तेथे आली होती. इकडे पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या कारागृहात होत्या. पती-पत्नी दोघेही बंदिवासात, आणि संसार पत्रांतून चाललेला!

१९७७ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना त्यांनी पुन्हा सेवेत घेतले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंच जाडीची गादी आली, ती त्यांच्याच निर्णयाने. आज शयनयान डब्यातून निर्धास्त झोपणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल? वरच्यांच्या सुखसोयी काढण्यापेक्षा खालच्यांचा प्रवास सुसह्य करावा, ही त्यांची दृष्टी होती.

कोकण रेल्वेचे स्वप्न मात्र मंत्रिपदाच्या एका कालखंडात साकारणारे नव्हते. डोंगर आणि नद्या आडव्या होत्या. त्याहून मोठी अडचण पैशाची होती. १९९० मध्ये अर्थमंत्री दंडवते आणि रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांच्या काळात वेगळा मार्ग निघाला. केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के वाटा, उरलेला निधी रोख्यांतून, अशी महामंडळाची रचना झाली. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम वेगाने सुरू झाले.

आणि १९९१ मध्ये त्याच कोकणात दंडवते पराभूत झाले. १९९८ मध्ये रोहा ते मंगळूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग पूर्ण खुला झाला, तेव्हा ते कोकणचे खासदार नव्हते. मतपेटी कार्यकर्त्याचे पद ठरवते, त्याच्या कार्याचे मोल ठरवत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

दंडवते अखेरपर्यंत समाजवादी राहिले. संघविचाराशी त्यांचे मतभेद होते व ते त्यांनी लपविले नाहीत. तरीही त्यांच्या सचोटीविषयी दुमत नव्हते. मतभिन्न माणसातील गुण मोकळेपणाने मान्य करता येणे, ही कार्यकर्त्याच्या मनाच्या मोठेपणाची कसोटी होय.

१२ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा देह वैद्यकीय अभ्यासासाठी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाकडे सुपूर्द करण्यात आला. मंत्रिपदे आली आणि गेली. हा शिक्षक मात्र मृत्यूनंतरही विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडला. सार्वजनिक जीवनात पाऊल टाकू पाहणाऱ्या तरुणांनी, आणि त्यांना अडविणाऱ्या आई-वडिलांनीही, हे चरित्र आवर्जून अभ्यासावे.