बॉक्समधली खुर्ची नेमकी कोणाच्या पैशांची?

आजचा विषय आहे क्रिकेटच्या मैदानावरचा तो काचेमागचा मजला. कॅमेरा अधूनमधून तिकडे वळतो, आणि आत कोणीतरी मॅचकडे पाठ करून पनीर टिक्का खात असतो. कॉर्पोरेट बॉक्स.

आपल्या पुसदला हा प्रकार नवा नाही. टेनिस बॉलचे खुले सामने आठवा. अख्खं गाव उन्हात, आणि एका बाजूला शामियाना. त्यात सोफा, पांढरं कापड टाकलेला टेबल, कूलर, बिसलेरी. तिथं वर्गणी देणारे, बक्षीस पुरस्कृत करणारे आणि त्यांचे पाहुणे. तत्त्व तेच आहे. मोठ्या मैदानावर फक्त सोफ्याचा करार होतो.

आधी हे चालतं कसं ते बघू. बॉक्स म्हणजे काही माणसांची खोली. एसी, समोर काच किंवा बाल्कनी, आत टीव्ही, बुफे, वेगळं गेट, गाडीचा पास, मनगटाला पट्टा. कंपनी तो एका मॅचसाठी किंवा पूर्ण सीझनसाठी घेते. मग त्या खुर्च्यांवर स्वतःचे ग्राहक, डीलर, बँकेचे साहेब बसवते. चार तास माणूस हातात सापडतो, फोन बाजूला ठेवतो, गप्पा मारतो. ऑफिसात त्याच माणसाची पंधरा मिनिटं मिळायला महिना जातो. म्हणजे कंपनी विकत घेते ते त्या माणसाचे चार तास. मॅच हे निमित्त.

तुम्ही म्हणाल, घेऊ दे ना, त्यांचे पैसे. बरोबर आहे. पण स्टेडियममधल्या खुर्च्या मोजक्याच असतात. एक पाहुण्याला गेली की तिकीट काढणाऱ्यासाठी एक कमी होते. आणि हे भांडण किती जुनं आहे, ते ऐका.

मुंबईत आधी टेस्ट मॅच व्हायच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर. मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, आणि मॅच भरवणार मुंबईची क्रिकेट असोसिएशन. वाद एकच, कोणाला किती खुर्च्या. असोसिएशनला आपल्या क्लबांसाठी जास्त जागा हव्या होत्या, मैदानमालक क्लब द्यायला तयार नव्हता. १९७३ च्या इंग्लंडविरुद्धच्या टेस्टनंतर हे फारच ताणलं. असोसिएशनची सूत्रं तेव्हा शेषराव वानखेडे यांच्याकडे होती. आपल्या विदर्भातले राजकारणी, त्याच काळात विधानसभेचे अध्यक्षही. त्यांनी ठरवलं, आपलंच स्टेडियम बांधायचं. ब्रेबॉर्नपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर ते उभं राहिलं, आणि २३ जानेवारी १९७५ ला तिथं वेस्ट इंडिजविरुद्ध टेस्ट सुरू झाली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ मारले. तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री कोण? आपल्या पुसदचे वसंतराव नाईक. म्हणजे देशातलं एक सगळ्यात प्रसिद्ध स्टेडियम खुर्च्यांच्या वाटपावरून जन्माला आलं. आणि ब्रेबॉर्नला पुढची टेस्ट मिळाली ती थेट २००९ मध्ये.

आता २०११ ला या. त्याच वानखेडेवर वर्ल्ड कपची फायनल. नूतनीकरणानंतर साधारण ३३ हजार खुर्च्या. त्यातली सर्वसामान्यांना विक्रीसाठी किती तिकिटं? सुमारे ४ हजार! उरलेली क्लब, आयसीसी, प्रायोजक अशांमध्ये वाटली गेली. ऑनलाइन विक्री सुरू होताच वेबसाइट कोसळली. मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून सांगतो, सर्व्हर कितीही वाढवले असते तरी प्रश्न तोच राहिला असता. मागणी लाखोंची आणि माल चार हजार, तिथं इंजिनिअर काय करणार? रांग नीट लावून देईल, खुर्ची कुठून आणेल?

पुढे लोढा समितीच्या सुधारणा आल्या, बीसीसीआयची नवी घटना आली, आणि फुकट पासांवर १० टक्क्यांची मर्यादा पडली. मग २०१८ मध्ये इंदूरला काय झालं? भारत-वेस्ट इंडिज वनडे होळकर स्टेडियमवर ठरली होती. पासांपैकी आणि हॉस्पिटॅलिटीच्या जागांपैकी कोणाचा वाटा किती, यावरून बोर्ड आणि मध्य प्रदेशची असोसिएशन यांचं जुळेना. शेवटी मॅचच विशाखापट्टणमला हलवली. २४ ऑक्टोबरला ती झाली. विराट कोहलीने त्याच डावात वनडेतल्या १० हजार धावा पूर्ण केल्या, आणि मॅच टाय झाली. इंदूरच्या पोरांनी हे सगळं टीव्हीवर बघितलं, पासांच्या भांडणापायी.

२०२५ मध्ये हैदराबाद. सनरायझर्सने तक्रार केली की जास्तीच्या फुकट पासांसाठी स्थानिक असोसिएशन दबाव आणते, आणि आयपीएलच्या मॅचच्या दिवशी एका कॉर्पोरेट बॉक्सला कुलूपही लावलं. असोसिएशनने आरोप नाकारले. १९७३ असो की २०२५, भांडण धावांचं नाही, खुर्च्यांचंच आहे.

आता हे तुमच्या-माझ्यापर्यंत कसं येतं? पुसदच्या बाजारात चक्कर मारा. बियाण्यांचे, खतांचे, सिमेंटचे, मोबाईलचे डीलर. कंपन्या डीलरला टार्गेट पूर्ण केल्यावर सहली देतात, मॅच दाखवतात. जामठ्याचं स्टेडियम इथून चार-पाच तासांवर, म्हणजे गाडी, मुक्काम, जेवण, बॉक्स, सगळं आलं. ज्यांच्या घरी दुकान आहे, त्यांनी एवढं लक्षात ठेवा: १ जुलै २०२२ पासून आयकर कायद्यात याबद्दल नियम आहे. धंद्याच्या संबंधातून कोणी तुम्हाला वर्षाला २० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचा फायदा दिला, मग तो वस्तूच्या रूपात का असेना, तर त्यावर १० टक्के टीडीएस लागतो. आयकर खात्याच्या परिपत्रकात उदाहरणांमध्ये कार्यक्रमाचं फुकट तिकीटसुद्धा आहे. म्हणजे 'पाहुणचार' हा सरकारच्या हिशोबात उत्पन्न ठरतो. औषध कंपन्यांच्या २०२४ च्या आचारसंहितेत तर डॉक्टरांना असा पाहुणचार देऊच नका, असं आहे.

आणि नोकरी करणाऱ्या पोरांनो, तुम्हालाही हे येणार. आमच्या टीमला एक टूल विकत घ्यायचं होतं. तीन कंपन्या शर्यतीत. माझं काम फक्त तिन्ही टूल तपासून तक्ता भरायचं. एका कंपनीच्या सेल्सवाल्याचा मेसेज आला, "सर, शनिवारी बॉक्समध्ये दोन जागा आहेत, मित्रालाही आणा." मी मॅनेजरला फॉरवर्ड केला आणि नाही म्हणून कळवलं. पुसदचा मित्र फोनवर म्हणे, "फुकटात मॅच भेटून राह्यली, जा ना बे! तू काय सही करतो का तिथं?"

सही मी करणार नव्हतो, खरं आहे. पण तक्ता मी भरणार होतो. सोमवारी त्या टूलमध्ये बग सापडला असता, तर तो लिहिताना हात जड झाला असता का? झाला असता, असं मला वाटतं. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागायचं शिकवतात. सेल्सवाल्यालाही ते माहीत असतं.

म्हणून बॉक्स बंद करा, असं मी म्हणत नाही. त्या पैशातून संघांचा आणि मैदानांचा खर्च निघतो. कोणी स्वतःच्या पैशानं आईवडिलांना आरामात मॅच दाखवत असेल, तर उत्तमच. उन्हात, सिमेंटच्या पायरीवर त्यांनी किती वेळ बसायचं? माझं म्हणणं एवढंच, पास हातात आला की तीन प्रश्न विचारा. पैसे कोण देतंय? माझ्या हातातल्या कोणत्या निर्णयासाठी देतंय? आणि हे मी ऑफिसात किंवा घरी उघड सांगू शकतो का? तिन्हींची उत्तरं स्वच्छ असतील तर बिनधास्त जा, दोनदा गुलाबजाम घ्या.

आणि असोसिएशनकडे एकच मागणी. प्रत्येक मॅचआधी सांगून टाका: एकूण खुर्च्या इतक्या, बॉक्स इतके, पास इतके, विक्रीला इतक्या. चार ओळींचा तक्ता आहे, वेबसाइटवर टाकायला दहा मिनिटं लागतात. पुसदहून पहाटे निघून जामठ्याला जाणाऱ्या पोराला किमान कळू द्या, की तो किती खुर्च्यांसाठी रांगेत उभा आहे.

तुम्हाला कधी असा पास आलाय का? काय केलंत? व्हॉइस नोट पाठवा, नाव न सांगता पुढच्या भागात ऐकवू. भेटू.