बदामाचा भाव



जव्हारमधल्या या पोषण परिषदेत तुम्हा डॉक्टर, आहारतज्ज्ञ, अंगणवाडीताई, मदतनीस आणि आशाताईंचं मनापासून स्वागत. कुणी मेळघाटातून रात्रभर प्रवास करून आलात, कुणी धडगाव-अक्कलकुव्याहून, कुणी मुंबईच्या वस्त्यांमधून. घाटात धुकं, रस्ता ओला, तरी वेळेवर पोहोचलात. यजमान म्हणून मी तुमचा ऋणी आहे.

मी आहारशास्त्र शिकलेलो नाही. इथल्या बाजारपेठेत आमचं किराणा मालाचं दुकान आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी कुणाच्या घरी काय शिजणार, हे मला पिशवीवरून कळतं. तेवढ्याच अधिकारावर बोलतो.

परिषदेसाठी तुम्ही जव्हार निवडलंत, आणि का निवडलंत हे आम्हाला ठाऊक आहे. १९९२ साली याच तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं कुपोषणाने दगावली आणि आमचं नाव देशभर झालं. त्यानंतर योजना आल्या, मोहिमा आल्या, पुष्कळ चांगली माणसंही आली. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. हे साऱ्या राज्याचे आकडे आहेत. त्यात शहरांतली सुखवस्तू घरंही आली.

काही वर्षांपूर्वी इथे एक पोषण शिबिर झालं. भिंतीवर सुंदर तक्ता होता: सफरचंद, पनीर, बदाम. शिबिर सुटल्यावर एक बाई कडेवर मूल घेऊन दुकानात आली आणि तिने बदामाचा भाव विचारला. मी सांगितला. ती काही न बोलता उभी राहिली. मग नेहमीचं मीठ-मिरची घेतलं, मुलाच्या हातात पाच रुपयांचं कुरकुऱ्याचं पाकीट दिलं आणि निघाली. तिच्या पिशवीत बाजारातून घेतलेला सुकटीचा वाटा होता. माझ्या फळीवर शेंगदाणे होते. शेंगदाण्यात बदामापेक्षा प्रथिनं कमी नाहीत, जास्तच आहेत, आणि सुकट कवचासकट खाल्ली जाते म्हणून तिच्यातून चुना, म्हणजे कॅल्शियमही मिळतं, हे मला नंतर एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्या बाईला ते त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. मीही नाही. ती मात्र पोराला द्यायला हवं ते आपल्याला परवडत नाही, एवढंच शिकून घरी गेली.

मित्रहो, माझं सारं म्हणणं या एका प्रसंगात आहे. गरिबाला आहार शिकवायचा तर सुरुवात त्याच्या कनवटीच्या पैशापासून आणि त्याच्या चुलीवरच्या मडक्यापासून व्हायला हवी. नागलीसारखं चुन्याने भरलेलं धान्य ज्यांच्या वरकस जमिनीत पिकतं, त्यांना दुधाचे फायदे सांगून आपण परत का येतो? आज नागली विकून त्याच पैशात बिस्किटं नेणारी माणसं मी रोज पाहतो. नागली म्हणजे गरिबाचं खाणं, ही लाज त्यांच्या मनात आपण शिकलेल्यांनीच घातली.

बाळाच्या पेजेचंच घ्या. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू होतं तेव्हा पातळ पेज पाजतात. बाळाचं पोट मुठीएवढं, ते पाण्यानेच भरतं. तीच पेज चमच्यातून ओघळणार नाही इतकी घट्ट केली, त्यात चमचाभर तेल आणि दाण्याचं कूट घातलं, तर खर्च फार वाढत नाही आणि बाळाच्या अंगी लागतं. भाजीवर लिंबू पिळावं, जेवणाबरोबरचा चहा तासभर लांबवावा, म्हणजे भाजीतलं लोह रक्तात उतरतं. अशा गोष्टी चुलीपाशी बसून, हाताने करून दाखवाव्या लागतात. आमच्याच जिल्ह्यात बोर्डीला आणि मग कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच केलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्या बालवाडी घेऊन पाड्यावरच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी हा शब्द त्या अंगणातून आला आहे.

पण एक सांगायलाच हवं. रेशनवर माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. त्याने पोटाला आधार होतो. डाळ, तेल, अंडं मात्र रोखीने घ्यावं लागतं. दिवाळीनंतर आमचे पाडे वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा आई दिवसभर विटा थापते आणि तान्ह्याला भरवायला सात वर्षांची बहीण असते. त्या आईला अज्ञानी म्हणू नका. तिच्याकडे वेळ नाही आणि पैसा नाही. रोजगार हमीची मजुरी वेळेवर मिळणं आणि भट्टीवर पाळणाघर असणं हे पोषणाचेच विषय आहेत. दोन दिवसांच्या चर्चेत ते शेवटच्या पाच मिनिटांवर ढकलू नयेत, अशी माझी विनंती आहे.

राहण्या-जेवणात काही उणं पडलं तर हक्काने सांगा. दुपारचं जेवण इथल्या बचत गटाच्या बायकांनी रांधलं आहे: नागलीची भाकर, उडदाची आमटी, माठाची भाजी, दाण्याची चटणी, खाणाऱ्यांसाठी सुकट. कशाला किती खर्च आला, ते त्यांनी पाटीवर खडूने लिहून ठेवलं आहे. ती पाटी वाचा, पंगतीत त्यांच्या शेजारी बसा, त्या घर कसं चालवतात ते विचारा, आणि उद्या सकाळच्या सत्रात पहिल्यांदा त्यांना बोलू द्या.