घरचा सर्व्हर आणि विजेचा हिशेब



रात्रीं दिवे मालवून सारें घर निजतें, त्या वेळीं आपल्या घरांत जागें कोण असतें, असें मीं विचारलें, तर आपण बहुधा फ्रीजचें नांव घ्याल. परंतु अलीकडे अनेक सुशिक्षित घरांत आणखी एक जागल्या आला आहे. कुटुंबाचीं छायाचित्रें, मुलांचीं टिपणें, जुन्या गाण्यांचा संग्रह हें सर्व एके ठिकाणीं जपून ठेवणारा, आणि घरांतील कोणत्याही फोनला मागेल तेव्हां पुरविणारा लहानसा संगणक, ज्याला सर्व्हर म्हणतात, तो हा. परक्याच्या कोठारांत महिन्याच्या महिन्याला भाडें भरण्यापेक्षां आपला ठेवा आपल्याच घरीं असावा, ही इच्छा योग्यच आहे. मात्र या जागल्याला विजेचें अन्न किती लागतें, याचा विचार यंत्र घेण्यापूर्वींच केलेला बरा.

हिशेब अगदीं सोपा आहे. वर्षाचे तास ८,७६०. तेव्हां एक वॅट वीज वर्षभर अखंड खर्च झाली, तर मीटरवर ८.७६ युनिटें पडतात. युनिटाचा दर १० रुपये धरला, तर एका वॅटाचे वर्षाला सुमारें ८८ रुपये होतात. एवढें एक कोष्टक ध्यानांत ठेवलें, कीं पुढील निवड पुष्कळ सोपी होते.

माझीच गोष्ट सांगतों. टेबलाखालीं ठेवण्याचा एक जुना, मोठा संगणक घरांत पडून होता. त्यालाच मीं सर्व्हर केलें. फुकटांत काम झालें, या समाधानांत दोन वर्षें गेलीं. पुढें एका स्नेह्यानें सॉकेट आणि यंत्र यांच्यामध्यें लावावयाचें छोटें वॅटमापक दिलें. तें लावून पाहतों, तों यंत्र कांहींच काम करीत नसतांनाही आंकडा ६०! म्हणजे वर्षाचीं सुमारें ५२५ युनिटें, आणि पांच हजारांहून अधिक रुपये. फुकटचें यंत्र असें महाग पडलें.

यावरून पहिला धडा हा, कीं यंत्र कामांत असतांना किती वीज घेतें, यापेक्षां रिकामें असतांना किती घेतें, हें पाहावें. कारण घरचा सर्व्हर चोवीस तासांपैकीं बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. प्रोसेसरच्या माहितीपत्रकांतील वॅटांचा आंकडा मुख्यतः त्याची उष्णता बाहेर टाकण्याची सोय किती हवी, हें सांगतो; रिकामपणींचा खर्च त्यावरून कळत नाहीं. आधुनिक प्रोसेसर दोन कामांमधील क्षणभरांतही डुलकी घेतो. परंतु मदरबोर्डावरचें एखादें जादा कार्ड त्याला गाढ झोपूं देत नाहीं, आणि त्या एकट्यापायीं सारें यंत्र जागें राहतें. म्हणून गरज नसलेलें कार्ड काढून ठेवावें.

दुसरी गोष्ट पॉवर सप्लायची. ‘८० प्लस’ हा कार्यक्षमतेचा शिक्का २००४ पासून चालू आहे. परंतु घरगुती सप्लायांपैकीं बहुतेकांची परीक्षा २०, ५० आणि १०० टक्के भारावर घेतलेली असते. ५०० वॅटांच्या सप्लायवर १५ वॅटांचें यंत्र चालविलें, तर भार अवघा ३ टक्के! तेथें तो शिक्का आपल्याला कांहींच सांगत नाहीं. लहान यंत्राला लहानच सप्लाय असावा.

तिसरी गोष्ट डिस्कची. साडेतीन इंची फिरती हार्ड डिस्क नुसती फिरत राहण्यासाठीं चार ते सहा वॅट घेते. अशा चार ठेवल्या, कीं वीस वॅट गेले. म्हणून चार लहान डिस्कांपेक्षां एक मोठी बरी. नित्याचें काम न फिरणाऱ्या एसएसडीवर ठेवलें, तर रिकामपणीं बहुधा एका वॅटाहूनही कमी लागतो.

आतां यंत्रें. २०१२ सालीं ब्रिटनमध्यें निघालेल्या रास्पबेरी पायच्या कुळांतील २०१९ चा चौथा अवतार रिकामपणीं तीन-चार वॅटांवर भागवितो. इंटेलच्या २०२३ च्या एन-१०० प्रोसेसरचीं छोटीं यंत्रें, मांडणी नीट असल्यास, दहा वॅटांच्या आंतबाहेर राहतात, आणि चित्रपट दाखविण्याचेंही काम सहज करतात. कचेऱ्यांतून निघालेले जुने छोटे संगणकही उत्तम. समजा, असें एक यंत्र १५ वॅट घेतें आणि नवें १० वॅट. फरक ५ वॅटांचा, म्हणजे वर्षाला ४३८ रुपयांचा. त्यासाठीं १५,००० रुपयांचें नवें यंत्र घेतलें, तर पैसे वसूल व्हावयास ३४ वर्षें लागतील! उलट माझ्यासारख्याचें ६० वॅटांचें धूड बदललें, तर तेच पैसे साडेतीन वर्षांच्या आंत परत येतात. शिवाय नवें यंत्र घडवितांनाही वीज आणि खनिजें खर्च होतातच. तेव्हां कोणतें मोडींत काढावें आणि कोणतें चालूं द्यावें, हें मापकालाच विचारावें.

शेवटीं एक इशारा. तो हिशेब कळल्यावर काटकसरीच्या भरांत मी दुसऱ्या टोकाला गेलों. तळहाताएवढें यंत्र आणून सारा ठेवा त्याच्या नखाएवढ्या मेमरी कार्डावर ठेवला. खर्च फक्त तीन वॅट! पण अशीं कार्डें सततच्या लिखाणानें झिजतात. एके सकाळीं तें मुकें झालें. आईच्या आवाजाचें जें एक ध्वनिमुद्रण आमच्यापाशीं आहे, तेंही त्यांतच होतें. धाकट्या बंधूनें पूर्वीं नागपुरास नेलेल्या डिस्कवर त्याची प्रत सांपडली, म्हणूनच आज आम्हीं तो आवाज ऐकतों. तेव्हांपासून घरांत एक नियम झाला आहे: दुसरी डिस्क आठवड्यांतून एकदांच जोडावयाची, प्रत घ्यावयाची आणि काढून ठेवावयाची, तिसरी प्रत नागपुरास. कपाटांतली डिस्क वीज खात नाहीं, आणि तिच्यावर केलेला खर्च कधींच वायां जात नाहीं.

विजेची बचत जरूर करा, श्रोतेहो. पण ज्या ठेव्यासाठीं हा जागल्या ठेवला, त्याची राखण ही पहिली, आणि बचत तिच्यामागून.