संगणकाचा प्रदेश कोणता?

घरांत नवा संगणक येतो, त्यावर लिनक्स प्रणाली बसविली जाते, आणि आरंभींच भाषा व प्रदेश यांविषयीं प्रश्न पुढें येतो. तेथें पुष्कळदां अमेरिकी इंग्रजी आधींच निवडलेली असते, व गृहस्थ ती न वाचतांच मान्य करतात. पुढें ५ मार्च ही तारीख ३/५ अशी उमटते. वाचणारा ती ३ मे समजतो, आणि विम्याचा हप्ता चुकतो. छपाईस कागद ८.५ × ११ इंचांचा धरला जातो. घरांतील ए-फोर मात्र २१० × २९७ मिलिमीटरांचा असतो.

वास्तविक या प्रणालीनें भाषा व रीति यांची एकच मोट बांधलेली नाहीं. ‘लँग’ हें सर्वसाधारण मूल्य. तारीख, अंक, चलन, कागद व वर्णक्रम यांचीं खातीं निरनिराळीं. ज्या खात्यांत कांहीं लिहिलें नसेल, तेथें ‘लँग’ लागू होतें. म्हणून पडद्यावरील भाषा इंग्रजी ठेवूनहि तारीख व चलन भारतीय पद्धतीचें ठेवतां येतें. ‘एलसी_ऑल’ मात्र या सर्वांवर मात करतें; तें कायमचें योजूं नये.

वर्णक्रमाची गोष्ट मराठी माणसाच्या विशेष जिव्हाळ्याची. ‘सी’ नामक मूळ स्थितींत शब्द केवळ संकेतांकांप्रमाणें लागतात. युनिकोडमध्यें ‘ळ’ हा ‘ल’च्या लगोलग येतो, मराठी वर्णमालेंत त्याचें स्थान ‘ह’च्या पुढें आहे. शब्दांची यादी करणारानें हें खातें आधीं तपासावें.

बदल केल्यावर एकदां बाहेर पडून पुन्हां प्रवेश करावा, म्हणजे तो सर्वत्र लागू होतो.