उभ्या इंजिनाचा गंज



गणपतीच्या मांडवात इंजिनावर व्याख्यान म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या, हे आम्ही पाहिले. पण आपले बेळगाव फाउंड्रीचे गाव आहे. उद्यमबागेशी ज्याचा काहीच संबंध नाही असे घर या मांडवात शोधावे लागेल. आम्हा दोघा भावांची तिथे लहानशी मशीनशॉप आहे. सिलिंडर बोअर करणे, हेड फेस करणे हे रोजचे काम. अलीकडे आमच्याकडे दोन प्रकारची इंजिने येतात. एक, शर्यतीचे वेड असलेल्या तरुणांची. दुसरी, वडिलांची आठवण म्हणून ठेवलेल्या जुन्या स्कूटरांची. दोघांचा आजार बहुधा एकच निघतो, म्हणून हा विषय घेतला.

ड्रॅग रेस म्हणजे सरळ रेषेतली शर्यत. वळण नाही, फेऱ्या नाहीत. आपल्या बैलगाडी शर्यतीसारखीच. अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. हा खेळ दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मोकळ्या धावपट्ट्यांवर वाढला आणि १९५१ साली तिथे त्याची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. या खेळात इंजिन पूर्ण ताकदीने चालते ते काही सेकंद. बाकी वेळ ते उभे असते. हा मुद्दा लक्षात ठेवा.

इंधनाचे मुख्यतः तीन मार्ग. पहिला, जास्त ऑक्टेनचे शर्यतीचे पेट्रोल. ऑक्टेन म्हणजे ताकद असा आपल्या मुलांचा समज आहे, तो चुकीचा आहे. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली वेळेआधी न पेटण्याची सहनशक्ती. इंजिनाचे कॉम्प्रेशन वाढवलेले नसेल तर महाग पेट्रोल ओतून खिशाखेरीज काही हलके होत नाही. अशी मुले आली की आम्ही त्यांना परत पाठवतो.

दुसरा मार्ग मिथेनॉलचा. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला साडेसहा किलोच्या आत-बाहेर. म्हणजे तेवढ्याच हवेत मिथेनॉल दुपटीहून अधिक जाळता येते. किलोमागे उष्णता मात्र पेट्रोलच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटतो. खरा फायदा थंडाव्याचा. इंजेक्शनच्या आधी दंडाला स्पिरिट लावले की गार लागते ना, तसेच मिथेनॉल उडताना आत येणारी हवा आणि सिलिंडर गार करते. पेट्रोलच्या सुमारे तिप्पट उष्णता ते शोषून घेते. त्यामुळे कॉम्प्रेशन वाढवता येते आणि तिथून ताकद मिळते.

तिसरे नायट्रोमिथेन. ते स्वतःचा ऑक्सिजन बरोबर घेऊन येते. अमेरिकेतल्या सर्वात वरच्या वर्गात ते ९० टक्क्यांपर्यंत वापरतात आणि गाड्या ताशी ५०० किलोमीटरच्या पुढे जातात. धुरात नायट्रिक ॲसिडची वाफ असते, डोळे चुरचुरतात. आपल्या कामाचे ते नव्हे.

मिथेनॉलबद्दल एक सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. विषारी दारूतला जीवघेणा पदार्थ तो हाच. मुंबईत मालवणीला २०१५ साली शंभराहून अधिक माणसे गेली ती याच्यामुळे. थोडेसे पोटात गेले तरी दृष्टी जाते, कातडीतूनही ते शरीरात शिरते. आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. पाण्याच्या बाटलीत भरून घरात ठेवणाऱ्याला शर्यतीचा नाद करू देऊ नये.

आता गंजाकडे वळू. मिथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. ॲल्युमिनियमवर निसर्गतः जो संरक्षक थर असतो, तो पाणी मिसळलेले मिथेनॉल खाऊन टाकते. मग कार्बोरेटरमध्ये पांढरी भुकटी, कधी जेलीसारखा चिकट गाळ साचतो आणि जेटचे भोक बुजते. जस्त आणि मॅग्नेशियमचीही तीच गत. शिवाय जळल्यावर पाणी तयार होते. तेवढीच हवा वापरून पेट्रोलपेक्षा सुमारे दुप्पट पाणी मिथेनॉलमधून निघते. लांब पल्ल्याच्या गाडीत ऑइल तापते आणि हे पाणी वाफ होऊन निघून जाते. ड्रॅगच्या इंजिनाला तापायला वेळच नसतो. न जळलेले मिथेनॉल रिंगांवरून खाली उतरते, पाण्यासह ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइल ताकासारखे पांढरे होते. बिडाच्या लाइनरवर एका रात्रीत तांबूस डाग उठतात. रविवारी जिंकलेले इंजिन पुढच्या शनिवारी रिंगा चिकटलेले मिळते, ते असे.

यावरचा उपाय अनुभवी मंडळी शर्यत संपल्याच्या संध्याकाळीच करतात. टाकी आणि नळ्यांतले मिथेनॉल काढून घेतात. मग इंजिनाला थोडे साधे पेट्रोल पाजून काही मिनिटे चालवतात, म्हणजे पंप, नळ्या, जेट सगळे धुऊन निघते. ऑइल गरम असतानाच बदलतात, ते दिसायला कितीही चांगले असो. शेवटी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडतात आणि इंजिन हाताने फिरवतात. कोणी मिथेनॉलमध्येच थोडे वंगण मिसळतात. इंधनाचे भाग ॲनोडाइज केलेले घेतात. डबा नेहमी घट्ट बंद ठेवतात. एवढे करणाऱ्याचे इंजिन टिकते. पैसे कोणी किती घातले याचा इथे काही संबंध नाही.

आता तुमच्या अंगणातली स्कूटर. आपल्या जिल्ह्यातल्या उसापासून इथेनॉल होते आणि आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत असते. इथेनॉल हे मिथेनॉलचेच सौम्य भावंड. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात, म्हणून त्याला सरसकट नावे ठेवणे आम्हाला पटत नाही. रोज चालणाऱ्या गाडीला ते फारसे सतावत नाही. पण १९८५ची स्कूटर त्यासाठी बनवलेली नव्हती. तिचे रबरी वॉशर आणि नळ्या फुगतात किंवा तडकतात. मुले पुण्याला, बंगळूरला, आणि गाडी पावसाळाभर ताडपत्रीखाली. आपला जुलै कसा असतो ते सांगायला नको. टाकी दिवसा तापते, रात्री गार होते आणि दरवेळी ओलसर हवा आत घेते. १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल लिटरमागे सुमारे पाच मिलिलिटर पाणी सामावू शकते. २० टक्क्यांचे त्याहून जास्त. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, नेमके पेट्रोल कॉकच्या तोंडाशी. लोखंडी टाकी तिथूनच सडते.

म्हणून दिवाळीपर्यंत गाडी काढणार नसाल तर टाकी रिकामी करा. ती कोरडी झाली की वाटीभर टूटी ऑइल ओतून टाकी सगळ्या बाजूंनी हलवा, म्हणजे आतल्या पत्र्यावर तेलाचा थर बसेल. पंधरा दिवसांचाच प्रश्न असेल तर उलट टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवा, हवेला जागा राहत नाही. कार्बोरेटरचा चेंबर खालचा स्क्रू सोडून रिकामा करा. कॉक बंद करून गाडी बंद पडेपर्यंत चालवायची सवय अनेकांना आहे, पण टूस्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही संपते, म्हणून ते टाळलेले बरे. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल, चार-पाच हलक्या किका, प्लग परत घट्ट. सायलेन्सरच्या तोंडाला तेलाचे फडके कोंबा आणि चालू करण्याआधी ते काढायची आठवण म्हणून हँडलला दोरा बांधा. काढलेले पेट्रोल गटारात ओतू नका. ते ताजे असेल तर शेजाऱ्याच्या चालत्या गाडीत घाला, तो नाही म्हणणार नाही.